अक्रा पाहायचं कसं: चार किलोमीटरचा किनारा आणि त्यापुढचं शहर

अक्रामध्ये असं एकही ठिकाण नाही की ज्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला म्हणजे शहर पाहून झालं. घानाच्या या राजधानीत मनोरे, बाजार, समाध्या, किल्ले सगळं आहे, पण सुटंसुटं पाहिलं तर प्रत्येक गोष्ट अर्ध्या तासात संपते आणि दोन गोष्टींच्या मधला एक तास गाडीत जातो. नेटवरच्या 'दहा प्रेक्षणीय स्थळं' छापाच्या याद्या घेऊन हिंडणाऱ्यांची म्हणूनच चिडचिड होते. यादी करणाऱ्याने नकाशा पाहिलेला नसतो.

नकाशा पाहिला तर दिसतं की जुनं अक्रा समुद्राला चिकटून एका ओळीत उभं आहे. पश्चिमेला जेम्सटाउनचा दीपस्तंभ, पूर्वेला ओसूचा किल्ला, आणि मध्ये साधारण चार किलोमीटर. डच, इंग्रज, डेन, ब्राझीलहून परतलेले आफ्रिकी, स्वातंत्र्याचा लढा, सत्तापालट, सगळं या पट्ट्यात आहे. हा पट्टा एका दिवसात नीट पाहा. बाकीचं शहर त्याच्या भोवती लावता येतं. कामानिमित्त अक्राला आलेल्याला बहुधा एखादा शनिवार-रविवार मोकळा मिळतो, मुद्दाम फिरायला येणाऱ्याकडे चार-पाच दिवस असतात. दोघांनाही चालेल असा हा आराखडा आहे.

निघण्याआधीची कामं

सगळ्यात आधी पीतज्वराची लस, म्हणजे यलो फीवरची. व्हिसाच्याही आधी. घानात उतरताना तिचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, आणि परत येताना भारतातही ते मागतात. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते, तिथे बहुतेक ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं आणि वार ठरलेले असतात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, म्हणजे उद्याचं विमान आणि आजची लस असं चालत नाही. एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. ते पिवळं पुस्तक पासपोर्टलाच रबर लावून ठेवा.

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. दिल्लीत घानाचं उच्चायुक्तालय आहे. हॉटेलचं बुकिंग किंवा निमंत्रणपत्र, परतीचं तिकीट आणि लसीचं प्रमाणपत्र हाताशी ठेवून वेळेआधी अर्ज करा.

मुंबईहून अक्राला थेट विमान नाही. अदिस अबाबा, दुबई, दोहा किंवा नैरोबीमार्गे जावं लागतं. मधल्या विमानतळावरचा मुक्काम किती तासांचा आहे ते तिकीट काढतानाच पाहा. स्वस्त तिकिटाचं रहस्य बहुतेकदा तिथेच असतं. घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

मलेरिया घानात बारमाही आहे आणि त्याला हलक्यात घेऊ नये. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या आणि कधीपासून घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारा. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारं मलम वापरा. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'पश्चिम आफ्रिकेत होतो' हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. विजेसाठी इंग्लंडसारख्या चौकोनी पायांच्या पिनचा अॅडॅप्टर न्या.

केव्हा जावं आणि वार कसे लावावेत

पाऊस एप्रिलपासून सुरू होतो आणि जूनमध्ये सगळ्यात जास्त पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला दुसरा, लहान पावसाळा येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी कोरडं असतं, पण सहाराकडून येणारे हरमाटन वारे आकाशात धूळ धरून ठेवतात. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी याचा विचार करावा. डिसेंबरच्या उत्तरार्धात जगभरचे घानावासी सुट्टीला घरी येतात, रात्रभर गाणीबजावणी चालते, हॉटेलचे भाव चढतात आणि रस्ते तुंबतात. नाचगाणं हवं असेल तर हाच काळ. शहर पाहायचं असेल तर माझं मत ऑगस्टला. हवा थंडगार, पाऊस कमी, जेम्सटाउनच्या रस्त्यांवर 'चाले वोटे' हा कलामहोत्सव, आणि अक्राच्या मूळ रहिवाशांचा, गा लोकांचा, होमोवो हा सण याच सुमाराला असतो. होमोवोत मक्याच्या पिठाचं क्पोक्पोई नावाचं अन्न शिजवून ते पूर्वजांसाठी रस्तोरस्ती शिंपडतात. तारखा प्रत्येक वस्तीच्या वेगळ्या असतात आणि परंपरेने ठरतात, तेव्हा तिथे गेल्यावर विचारा. सणाच्या आधी, मे-जूनच्या सुमाराला, सुमारे महिनाभर ढोल-ताशे आणि मोठ्या आवाजावर बंदी असते. त्या दिवसांत 'संगीताचं अक्रा' शोधायला गेलेल्याच्या पदरी निराशा येते.

आता वार. मंगळवारी गा कोळी समुद्रात जात नाहीत, तो दिवस समुद्रदेवतेचा. मंगळवारी जेम्सटाउनला गेलात तर होड्या किनाऱ्याला लागलेल्या आणि कोळी जाळी विणत, गप्पा मारत बसलेले दिसतात. मासळी उतरताना पाहायची असेल तर इतर कुठलाही दिवस, पण सकाळीच. शनिवार हा अंत्यविधींचा दिवस. लाल-काळ्या कपड्यांतली माणसं, मांडव, लाउडस्पीकर, जेवणावळी दिसल्या की ते लग्न नव्हे हे लक्षात ठेवा. रविवारी सकाळी शहर चर्चमध्ये असतं. बाजार थंड, पण रस्ते मोकळे, म्हणून शहराबाहेर जायला तोच दिवस बरा.

विषुववृत्त जवळ असल्याने बाराही महिने संध्याकाळी सहाच्या सुमाराला अंधार पडतो, आणि पडतो तोही झटकन. त्यामुळे दिवस सकाळी सातलाच सुरू करा.

उतरल्यावर

विमानतळावरच पासपोर्ट दाखवून सिम घ्या. चलन सेडी. हॉटेल आणि मॉलमध्ये कार्ड चालतं, रस्त्यावर रोख किंवा 'मोमो', म्हणजे मोबाइल मनी. आपल्या यूपीआयसारखा त्याचा सर्रास वापर आहे. थोड्या दिवसांसाठी रोख पुरेशी, फक्त सुट्ट्या नोटा जपून ठेवा.

राहायला ओसू किंवा त्याच्या शेजारचं लाबोन निवडा. ईस्ट लेगॉनची हॉटेलं चकचकीत असतात, पण किनाऱ्यापासून लांब. रोजचा प्रवास नको होतो.

फिरण्यासाठी बोल्ट, उबर किंवा यांगो ही अॅप सोपी पडतात. चालक अनेकदा फोन करून कुठे जायचं आणि पैसे रोख देणार का, हे विचारतो. 'रोख' म्हटलंत की गाडी लवकर येते. रस्त्यावरच्या टॅक्सीचे कोपरे पिवळ्या-नारिंगी रंगाचे असतात, मीटर नसतो, बसण्याआधी भाव ठरवायचा. आणि खरं अक्रा पाहायचं असेल तर निदान एकदा ट्रोट्रोमध्ये बसा. ही आपल्याकडच्या वडापसारखी सामायिक व्हॅन. दारात लटकणारा पोरगा, त्याला 'मेट' म्हणतात, ठिकाणाचं नाव ओरडत असतो. 'सर्क, सर्क, सर्क' म्हणजे क्वामे न्क्रुमा सर्कल. पैसे त्याच्याकडे पुढच्या माणसांच्या हातून पोहोचतात, सुट्टे तसेच परत येतात, आणि कुठे उतरायचं ते शेजारचा प्रवासी सांगतो. इंग्रजी सगळीकडे चालतं, त्यामुळे भाषेची अडचण नाही.

रस्ता ओलांडताना मात्र जपा. घानात १९७४ पासून वाहनं उजव्या बाजूने चालतात. आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते आणि गाडी डावीकडून येते.

दोन शिष्टाचार. पैसे किंवा वस्तू डाव्या हाताने देऊ-घेऊ नका. हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. आणि काही विचारण्याआधी 'गुड मॉर्निंग' म्हणा. थेट 'हे कितीला?' म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो आणि भावही.

पहिला दिवस: जेम्सटाउन ते ओसू, पश्चिमेकडून पूर्वेकडे

सकाळी सातला टॅक्सीने दीपस्तंभापाशी उतरा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सध्याचा दीपस्तंभ १९३० च्या दशकातला, २८ मीटर उंच; मूळचा इंग्रजांनी १८७१ मध्ये उभारला होता. राखणदाराशी पैसे ठरवून अरुंद जिन्याने वर जाता येतं. वरून पत्र्याची छपरं, बंदर आणि आपण आता चालणार तो सगळा किनारा दिसतो, म्हणून सुरुवात इथून.

खाली उतरताच दोन-तीन तरुण 'मी वाटाड्या' म्हणत येतील. यातला एक घ्याच. कोळीवाड्यात अनोळखी माणसाने कॅमेरा काढला की वाद होतो, वस्तीतला माणूस सोबत असेल तर होत नाही. रक्कम आधी ठरवा, किती वेळ आणि काय काय पाहायचं हेही ठरवा, आणि शेवटी 'शाळेसाठी देणगी' मागितली तर द्यायची की नाही हे मनाशी आधीच पक्कं असू द्या.

दीपस्तंभाजवळच जेम्स फोर्ट, इंग्रजांचा, १६७३ चा. त्याचा पुढे तुरुंग झाला आणि तो २००८ पर्यंत चालू होता. स्वातंत्र्यलढ्याचे नेते क्वामे न्क्रुमा इथे कैदेत होते, आणि फेब्रुवारी १९५१ च्या निवडणुकीत तुरुंगातूनच अक्राची जागा जिंकून सरकार बनवायला बाहेर पडले. थोडं पुढे अशर फोर्ट. तो मूळचा डचांचा, १६४९ चा, त्याचाही पुढे तुरुंगच झाला. एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर दोन प्रतिस्पर्धी देशांचे किल्ले का, हा प्रश्न इथे पडतो. उत्तर व्यापाराचं आहे: आधी सोनं, नंतर माणसं. प्रत्येक कंपनीला आपली वेगळी वखार हवी होती, आणि गा प्रमुखांनाही एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहायचं नव्हतं.

मधल्या गल्ल्यांत ब्राझील हाउस विचारा. ब्राझीलमधल्या गुलामगिरीतून सुटून १८३६ मध्ये परत आलेल्या आफ्रिकी कुटुंबांना गा लोकांनी इथे जागा दिली. त्यांचे वंशज ताबोम म्हणून ओळखले जातात आणि ते आता गा समाजाचाच भाग आहेत. घर छोटं आहे, पण गुलामांच्या व्यापाराचा उलटा प्रवास सांगणाऱ्या जागा फार थोड्या, म्हणून चुकवू नका.

याच वस्तीला लागून बुकोम. घानाचा पहिला जगज्जेता मुष्टियोद्धा डी. के. पॉयझन याच मातीतला. त्याने १९७५ मध्ये किताब जिंकला. पुढे अझुमा नेल्सनने १९८४ मध्ये. संध्याकाळी इथल्या साध्या व्यायामशाळांत लहान पोरं सराव करताना दिसतात. सकाळी गेलात तर बहुधा बंद. मुष्टियुद्धाची आवड असेल तर एखाद्या संध्याकाळी वाटाड्यासह वेगळी फेरी मारा.

इथून हाय स्ट्रीटने पूर्वेकडे चालत न्क्रुमा स्मृती उद्यानात या. ऊन चढलेलं असेल तर टॅक्सी करा, चालण्याचा हट्ट नको. हे उद्यान म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांचं पोलोचं मैदान. सामान्य आफ्रिकी माणसाला जिथे जागा नव्हती तिथेच उभं राहून न्क्रुमा यांनी ६ मार्च १९५७ च्या मध्यरात्री स्वातंत्र्याची घोषणा केली, आणि त्याच जागी त्यांचा हात पुढे केलेला पुतळा आहे. मागे इटालियन संगमरवराची समाधी, जमिनीत टोक रोवलेल्या उलट्या तलवारीच्या आकाराची. घानातल्या अकान लोकांच्या परंपरेत ती शांततेची खूण. समाधी आणि संग्रहालय १९९२ मध्ये खुलं झालं, मोठ्या दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये पुन्हा.

एक गोष्ट मुद्दाम शोधा: बिनडोक्याचा ब्राँझचा पुतळा आणि शेजारी वेगळं ठेवलेलं त्याचं डोकं. २४ फेब्रुवारी १९६६ ला न्क्रुमा परदेश दौऱ्यावर असताना लष्कराने सत्ता घेतली, जमावाने पुतळा पाडला. डोकं कुणीतरी जपून ठेवलं आणि कित्येक वर्षांनी परत दिलं. न्क्रुमा मायदेशी कधी परतलेच नाहीत. १९७२ मध्ये बुखारेस्टला वारले, आधी गिनीत पुरले गेले, मग जन्मगावी न्क्रोफुलला, आणि शेवटी इथे. शेजारी त्यांच्या इजिप्शियन पत्नी फातिया यांची कबर. देशाने आधी पाडलेला आणि नंतर पूजलेला नेता इतका उघडपणे एकाच आवारात दुसरीकडे क्वचित पाहायला मिळेल. इथे दीड तास द्या. परदेशी पाहुण्यांना तिकीट जास्त आहे, ते सगळ्याच सरकारी ठिकाणी आहे.

बाजूला आर्ट्स सेंटर: मुखवटे, ढोल, केंटेचं कापड, मणी. विक्रेते हाताला धरून दुकानात नेतात. घासाघीस करायला आपण तयारच असतो, पण थकलेले असाल तर आत पाऊलच टाकू नका. सांगितलेला पहिला भाव हा संभाषणाची सुरुवात असते, एवढं लक्षात ठेवलं की मजा येते.

पुढे पूर्वेला ब्लॅक स्टार चौक, १९६१ मध्ये बांधलेला. इंग्लंडची राणी एलिझाबेथ येणार होती, तिच्या दौऱ्याच्या निमित्ताने. प्रचंड मोकळं मैदान, मागे समुद्र, समोर काळा तारा मिरवणारी कमान. तो तारा कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे नेते मार्कस गार्वी यांच्या 'ब्लॅक स्टार लाइन' या जहाज कंपनीकडून आला, आणि आता घानाच्या झेंड्यावर आणि फुटबॉल संघाच्या नावातही आहे. परेड किंवा सभा नसेल तर इथे दहा मिनिटं पुरतात. सावली अजिबात नाही. कधी पहारेकरी फोटोसाठी पैसे मागतात. हसून नको म्हणा आणि पुढे चला.

याच परिसरात आपला एक धागा आहे. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी माजी सैनिक थकलेली पेन्शन मागायला ओसूच्या किल्ल्याकडे मोर्चाने निघाले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले, शहरात दंगल उसळली, आणि इंग्रजी सत्तेची घडी तिथून विस्कटत गेली. या सैनिकांतले बरेच जण दुसऱ्या महायुद्धात भारतमार्गे ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून आले होते. अक्रातल्या लष्करी मुख्यालयाचं नाव आजही बर्मा कॅम्प आहे. दर वर्षी २८ फेब्रुवारीला मृतांना मानवंदना देतात. त्या दिवशी शहरात असाल तर सकाळी इकडे या.

शेवटचं ठिकाण ओसूचा किल्ला, ख्रिश्चन्सबोर्ग. डेन लोकांनी १६६१ मध्ये बांधायला घेतला आणि १८५० मध्ये इंग्रजांना विकला. पुढे कितीतरी वर्षं घानाचं सरकार इथूनच चालायचं. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांनी इथली एक गोष्ट ऐकावीच. १६९३ मध्ये अक्वामू राज्याच्या असामेनी नावाच्या माणसाने हा किल्ला घेतला. सांगतात ते असं, की बंदुका खरेदीच्या मिषाने तो ऐंशी 'व्यापारी' घेऊन आत शिरला, बंदुका तपासून पाहतो म्हणत त्या भरल्या आणि डेनांवरच रोखल्या. वर्षभर किल्ला त्याच्याकडे होता. नंतर सोनं घेऊन तो परत दिला, पण किल्ल्या दिल्या नाहीत. त्या अक्वामू राजघराण्याकडे अजून आहेत. किल्ला पर्यटकांना खुला आहे की नाही हे बदलत राहतं, हॉटेलमधून आदल्या दिवशी चौकशी करून घ्या. नसेल तर बाहेरूनच पाहा, पण सुरक्षारक्षकाला विचारल्याशिवाय फोटो नको.

खायचं काय

ओसूमध्ये संध्याकाळी ऑक्सफर्ड स्ट्रीट नावाने ओळखला जाणारा रस्ता खाण्याच्या गाड्यांनी भरून जातो. सकाळच्या न्याहारीला वाचे खा: तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवतात आणि त्यात ज्वारीची वाळलेली पानं घालतात, म्हणून भाताला तांबूस रंग येतो. ज्वारी खाणाऱ्या मुलखातून येऊनही आपल्याला हा उपयोग कधी सुचला नाही, याचं मला नवल वाटतं. गाडीसमोर रांग मोठी असेल तिथेच खा, सकाळी दहानंतर चांगलं वाचे संपलेलं असतं.

केंके म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे; गा पद्धतीचे कणसाच्या सालीत गुंडाळलेले. आंबट चव आपल्या जिभेला लवकर रुचते. सोबत तळलेले मासे आणि झणझणीत मिरची. बांकू त्याच्याच जातीचं, पण मऊ, आणि भाजलेल्या तिलापियाबरोबर ते उत्तम. हाताने खायचं, हात धुवायला भांडं समोर येतं.

शाकाहारी मंडळींची परीक्षा आहे, पण उपासमार नाही. केलेवेले मागा: पिकलेल्या मोठ्या केळ्याचे तुकडे आलं-मिरची लावून तळलेले. रेड-रेड म्हणजे पाम तेलातली चवळीची उसळ आणि तळलेली केळी. मात्र उसळीत कधीकधी धुरावलेला मासा टाकतात, आणि शिटो या काळ्या चटणीत सुका मासा-कोळंबी असतेच. 'व्हेज आहे का?' एवढं विचारून भागत नाही. मासा बऱ्याच जणांच्या लेखी मांसात मोडत नाही. 'नो मीट, नो फिश, नो चिकन, नो शिटो' असं सगळं मोजून सांगा. भारतीय हॉटेलंही शहरात बरीच आहेत. सिंधी व्यापारी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे डाळ, पीठ, मसाले सहज मिळतात.

पाणी बाटलीतलंच प्या. रस्त्यावर डोक्यावरच्या टोपल्यांतून विकली जाणारी पाण्याची पाकिटं स्थानिक लोक बेधडक पितात. नवख्या पोटाने एकदम तो प्रयोग करू नये.

दुसरा दिवस: बाजार, संग्रहालय आणि शवपेट्या

मकोला बाजारात सकाळी आठ-नऊला जा, रविवार सोडून. रुमालापासून गोगलगायींपर्यंत सगळं मिळतं आणि सगळा कारभार बायकांच्या हातात. प्रत्येक मालाची एक प्रमुख बाई असते, तिला त्या मालाची 'क्वीन' म्हणतात. १९७९ मध्ये लष्करी राजवटीने महागाईचं खापर या बायकांवर फोडून बाजाराचा मोठा भाग जमीनदोस्त केला. महागाई काही उतरली नाही, बाजार पुन्हा उभा राहिला. छापील कापड घ्यायचं तर इथेच. लहान तुकडा मिळणं कठीण, बहुधा यार्डांच्या ठरावीक मापात विकतात. मोबाइल आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवा. मागून 'आगो' ऐकू आलं तर बाजूला व्हा, डोक्यावर ओझं घेतलेली बाई येत असते.

तिथून राष्ट्रीय संग्रहालय जवळ. ५ मार्च १९५७ ला, स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, ते उघडलं. कित्येक वर्षं बंद राहून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. आटोपशीर आहे, तासाभरात होतं. वाटेत राष्ट्रीय नाट्यगृहाची जहाजासारखी पांढरी इमारत गाडीतूनच पाहा.

दुपारनंतर किनाऱ्याने पूर्वेला टेशीकडे निघा. इथे शवपेट्या बनतात, पण माशाच्या, कोकोच्या शेंगेच्या, विमानाच्या, बुटाच्या आकाराच्या. गा कोळ्याला माशातून निरोप देतात, ड्रायव्हरला मर्सिडिजमधून. सेथ काने क्वेई या सुताराच्या नावाशी ही कला जोडलेली आहे. १९५० च्या दशकात तिने जोर धरला आणि आता या पेट्या युरोप-अमेरिकेच्या कला संग्रहालयांतही आहेत. रस्त्याकडेच्या कारखान्यात कारागीर काम करताना पाहता येतात. विचारून आत जा, थोडे पैसे द्या. फोटो काढण्यापूर्वी एवढं लक्षात असू द्या की समोरची पेटी प्रदर्शनाचा नमुना नसून कुणाच्या तरी घरच्या अंत्ययात्रेची असू शकते.

परतताना लाबाडीचा किनारा लागतो. प्रवेश शुल्क असतं, घोडे, ढोल, भाजलेलं मांस, सगळी जत्रा. बसायला छान, पोहायला नाही: पाण्याची आतल्या बाजूला ओढ जबरदस्त असते. अंधार पडल्यावर एकट्याने वाळूत फिरू नका.

अर्ध्या दिवसाच्या फेऱ्या

कँटोनमेंट्स भागात डू बॉइस केंद्र आहे. अमेरिकेतले कृष्णवर्णीयांच्या हक्कांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस १९६१ मध्ये न्क्रुमा यांच्या निमंत्रणावरून इथे राहायला आले आणि २७ ऑगस्ट १९६३ रोजी इथेच वारले. त्यांचं घर, पुस्तकं आणि समाधी पाहता येते.

विमानतळाकडे जाताना जुबिली हाउस दिसतं, राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, अशांती राजांच्या सोन्याच्या आसनाच्या आकाराचं. २००८ मध्ये उभी राहिलेली ही इमारत भारताच्या कर्जातून झाली आणि मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने बांधली. अभिमान मनातच ठेवा, कॅमेरा खिशात. इथे फोटोला सक्त मनाई.

लेगॉनचं घाना विद्यापीठ लाल कौलं आणि पांढऱ्या भिंतींमुळे देखणं आहे, सकाळी फेरफटका मारावा. इथे २०१६ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते गांधीजींचा पुतळा बसवला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या काळात त्यांनी आफ्रिकी लोकांबद्दल लिहिलेल्या मजकुराला प्राध्यापकांनी आक्षेप घेतला आणि २०१८ मध्ये तो हलवला. कुणी भारतीय म्हणून याबद्दल विचारलं तर लगेच बचावाला उतरू नका, आधी ऐकून घ्या.

शहराबाहेर

एकच दिवस असेल तर उत्तरेला डोंगरावरचं अबुरी. तीसेक किलोमीटरवर, हवा गार, १८९० मध्ये सुरू झालेलं वनस्पती उद्यान. ताडांच्या उंच रांगा, आणि मूळ जंगलातला म्हणून राखलेला सावरीच्या कुळातला एक अवाढव्य वृक्ष. याच डोंगरावर पुढे माम्पाँगला टेटे क्वार्शी या माणसाची कोकोची बाग आहे. त्याने फर्नांडो पो बेटावरून १८७९ मध्ये कोकोच्या बिया आणल्या, आणि त्यातून घाना जगातला आघाडीचा कोको उत्पादक झाला. रविवारी सकाळी निघा, संध्याकाळच्या गर्दीआधी परता.

दोन दिवस असतील तर केप कोस्ट आणि एल्मिना. अंतर दीडशे किलोमीटरच्या आत, पण वाटेतल्या कासोआ गावातल्या वाहतूककोंडीमुळे तीन-चार तास धरा आणि पहाटे पाचला निघा. शहरातून बाहेर पडताना ओडोर्कोर लागतं. तिथे आफ्रिकी हिंदूंचा मठ आहे, घानातच जन्मलेल्या स्वामी घनानंद सरस्वतींनी १९७५ मध्ये स्थापन केलेला. पुजारी आणि भक्त घानाचेच, आणि गणेशचतुर्थीही साजरी होते. थांबायचं तर परतीच्या वाटेवर थांबा, जाताना पहाटेची वेळ दवडू नका.

एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याच्या सोळा वर्षं आधी. केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुष गुलामांच्या अंधारकोठडीच्या नेमक्या वर प्रार्थनागृह आहे. ते समजायला मार्गदर्शकाने एकदा बोट दाखवावं लागतं. दोन्हीकडे मार्गदर्शकासोबतच आत सोडतात. तुमच्या गटात बहुधा अमेरिकेतून किंवा कॅरिबियनमधून आलेली कुटुंबं असतात, ज्यांचे पूर्वज याच दारातून जहाजावर चढवले गेले. कोठडीत सेल्फी काढू नका, मोठ्याने बोलू नका, कुणी रडत असेल तर बाजूला सरून उभे राहा. दोन्ही किल्ले एकाच दिवशी पाहणं जड जातं. पहिल्या दिवशी केप कोस्ट, रात्री मुक्काम, दुसऱ्या सकाळी उघडल्या उघडल्या काकुमच्या जंगलातले झाडांच्या शेंड्यांवरून जाणारे सात झुलते पूल, मग एल्मिना. काकुमला उशीर केला तर शाळांच्या सहली गाठतात आणि पुलांवर रांग लागते. एल्मिनाहून दुपारी दोनपर्यंत निघालात तर कासोआ उजेडात पार होतं. रविवारी संध्याकाळी मात्र अक्राकडे येणारा रस्ता तुंबतो. तेव्हा हे दोन दिवस आठवड्याच्या मध्ये टाका, किंवा सोमवारी पहाटे परता.